पन्हळीच्या जोडाला पॉप रिव्हेट

अर्ध्या मिलिमीटरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याला मी वेल्डिंग लावत नाही. भोक पडतं, जस्त जळतं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज. पॉप रिव्हेटच मारा, म्हणजे एकाच बाजूने गनने आवळायची पोकळ खिळी.

वरच्या उताराकडचा तुकडा खालच्याच्या आत इंचभर सरकवा. ३.२ मिमी रिव्हेटला ३.३ चं ड्रिल. दोन्ही पत्रे एकत्र धरूनच भोकं पाडा, कडेपासून निदान ७ मिमी आत. मग पत्रे सुटे करून बर, म्हणजे भोकाच्या कडेला उभी राहिलेली धातूची धार, काढा. हे काम बहुतेक कारागीर टाळतात, आणि फट राहते ती त्यामुळेच! सिलिकॉन लावा, पत्रे पुन्हा बसवा.

आधी दोन्ही टोकांचे रिव्हेट, नंतर मधले. गन काटकोनात दाबून धरा, रिव्हेटमधला खिळा टक्कन तुटेपर्यंत आवळा. रिव्हेट बोटाने फिरतोय? ड्रिलने डोकं उडवा, भोक ४.१ करा आणि ४ मिमीचा घाला.