लेकराचं वजन वाढत नाही म्हणून घाबरलात? आधी या चुका टाळा

“लेकराचं वजन काऊन वाढून नाई रायलं वो?” अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की हा प्रश्न ऐकू येतोच. विचारणारी बहुतेक वेळा सासू किंवा जाऊ असते आणि बाळंतीण मागे गप्प उभी असते. तिच्या दुधावर शंका घेतली गेली आहे हे तिला कळलेलं असतं. घरी पोचेपर्यंत उपायही ठरलेला असतो: वरचं दूध.

अंगावर पिणाऱ्या लेकराचं वजन खरोखर कमी वाढतंय की नाही, हे ठरवायला तीन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. मोजणी, काटा आणि लेकराची स्तनावरची पकड. बहुतेक घरी यातलं एकही तपासलं जात नाही. दूधच कमी बनणारी आईही असते, पण ती क्वचित, आणि तीही या तीन गोष्टी पाहिल्यानंतरच ओळखता येते.

जन्मवजनापासून मोजणं

जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत लेकराचं वजन उतरतं. जन्मवजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतची ही घट चालते आणि 10 ते 14 दिवसांत ती भरून निघते. पुढे तीन महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढ धरायची. तीन ते सहा महिन्यांत हीच वाढ 15 ते 20 ग्रॅमवर येते.

समजा एक मुलगी जन्मली तेव्हा 2.900 किलो होती. चौथ्या दिवशी 2.700, चौदाव्या दिवशी 2.920, अठ्ठाविसाव्या दिवशी 3.300. घरचे म्हणतात, महिनाभर पाजून 400 ग्रॅमच वाढलं. पण मोजायचं ते सर्वात खाली गेलेल्या आकड्यापासून. 24 दिवसांत 600 ग्रॅम, म्हणजे दिवसाला बरोबर 25. या लेकरात काहीही बिघडलेलं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यातलं वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं हवंच. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते ती याचसाठी. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची रीत उभी केली. 1999 मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशभरच्या आशांचं काम त्यावर उभं राहिलं. त्या आशाला “लेकरू आत्ताच झोपलं, उद्या ये” म्हणून परत पाठवू नका. आणि बाळंतपणाला माहेरी गेलात तर तिथल्या आशाला पहिल्याच दिवशी निरोप द्या. सासरच्या यादीत नाव आणि लेकरू माहेरी, अशात सहाच्या सहा भेटी चुकतात.

काट्यावर डोळे मिटून विश्वास

झोळीच्या स्प्रिंगकाट्यावर 100 ग्रॅमच्या रेघा असतात. लेकराची आठवड्याची वाढच 150 ते 200 ग्रॅम, म्हणजे एक-दोन रेघा. लेकरू पाय झाडत असेल तर काटा तेवढा नुसता हलण्यातच जातो. त्यात मागच्या वेळी अंगात स्वेटर, टोपरं आणि पायात चांदीचे वाळे होते, या वेळी फक्त झबलं. मागच्या वेळी पोटभर पिऊन आलं होतं, या वेळी उपाशी. दवाखान्यात डिजिटल काटा, अंगणवाडीत स्प्रिंगचा. एवढ्या फरकातून निघालेल्या 100 ग्रॅमवर रडारड करण्यात अर्थ नाही.

आपली सवय अशी ठेवा. दर वेळी एकच काटा. लेकरू उघडं, फार तर एक पातळ झबलं. झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, मगच लेकरू ठेवायचं. आकडा डोळ्यांच्या पातळीवरून वाचायचा, खालून नाही. काट्यावर शंका आली तर मिठाच्या एक-एक किलोच्या दोन बंद पुड्या झोळीत टाकून बघा. काटा दोन किलोच्या आसपास थांबला नाही, तर दोष काट्याचा आहे. पुड्यांची ही परीक्षा अंगणवाडीताईला सांगितली तर तीही खूश होते, कारण चुकीच्या काट्याचे बोल तिलाच खावे लागतात.

आणि रोज वजन करू नका. पहिला महिना आशाच्या भेटी, पुढे महिन्यातून एकदा, काळजीचं लेकरू असेल तर आठवड्यातून एकदा आणि तेही डिजिटल काट्यावर.

वरचं दूध “थोडंसंच” सुरू करणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि ती मायेपोटी होते म्हणून थांबवणं अवघड जातं.

क्रम ठरलेला असतो. वजनाच्या दिवशी कोणीतरी “दूध पुरत नसेल” म्हणतं. संध्याकाळी गाईच्या दुधात तेवढंच पाणी घालून अर्धी वाटी पाजतात. लेकरू तीन-चार तास झोपतं. घरात सगळ्यांना वाटतं, बघा, उपाशीच होतं. खरं म्हणजे वरचं दूध पचायला जड असतं, म्हणून झोप लांबते. त्या झोपेत अंगावरचं एक पाजणं चुकतं. स्तनात दूध साचून राहतं, आणि साचलेलं दूध शरीराला एकच गोष्ट सांगतं की इतकं बनवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी उतरतं, लेकरू चिडचिडं होतं, वाटी वाढते. आठ-दहा दिवसांत बाळंतीण स्वतःच म्हणायला लागते, “दूधच उतरून नाई रायलं.” आता ते खरंही झालेलं असतं. तोवर बाटली आलेली असते, तिचं बूच नीट उकळलेलं नसतं, लेकराला पातळ जुलाब लागतात, आणि ज्या वजनासाठी हे सुरू केलं ते आता खरोखर खाली येतं.

निम्मं पाणी घातलेल्या दुधात ताकदही निम्मीच उरते. पावडरच्या डब्याचंही तेच. तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप डब्यावर लिहिलेलं असतं, पण महाग डबा महिनाभर पुरवायचा म्हणून चमचे कमी होतात. दुकानदाराने किंवा कोणी सुचवलं म्हणून डबा आणू नका. अशा दुधाची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच घातलेली नाही.

वरचं दूध सुरू झालंच असेल तर एका दिवसात तोडू नका, लेकरू उपाशी पडेल. आधी अंगावर पाजायचं, दोन्ही बाजू झाल्यावरच वाटी. बाटली त्याच दिवशी बंद, वाटी-चमचा सुरू. लेकराला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर दिवसातून जमेल तितका वेळ ठेवायचं. दोन पाजण्यांच्या मध्ये हाताने दूध काढायचं आणि तेही चमच्याने द्यायचं. मग दिवसभराच्या वरच्या दुधातून 30-30 मिली कमी करत जायचं. लघवी दिवसात सहापेक्षा कमी झाली किंवा तीन दिवसांनी वजन थांबलेलं दिसलं तर कपात तिथेच थांबवून नर्सबाईला दाखवायचं. याला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत पान्हा परत यावा अशी घाई करणारे घरचे पाचव्या दिवशी बाटलीकडे वळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

नुसतं बोंड तोंडात

तासभर पाजूनही लेकरू रडतं आणि आईच्या बोंडाला, म्हणजे स्तनाग्राला, चिरा पडल्यात, असं असेल तर दूध कमी नाही, पकड चुकलेली आहे. दूध बोंडात नसतं. भोवतालच्या काळ्या भागाखाली दाब पडला तर ते वाहतं. नुसतं बोंड चोखणारं लेकरू दमून झोपतं, त्याला झोपलेलं बघून पोट भरलं असं वाटतं, आणि वजन हलत नाही.

भिंतीला पाठ टेकून बसा. डाव्या बाजूने पाजायचं असेल तर लेकराला उजव्या हातावर आडवं घ्या, त्याची मान तुमच्या तळहातात, पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं. मान वळलेली नको. डोकं मागून दाबू नका, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे ठेवा. डाव्या हाताने स्तन खालून धरा, बोटं काळ्या भागापासून लांब. लेकराचं नाक बोंडासमोर आणा, वरच्या ओठाला बोंड लावा आणि थांबा. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. इथे धीर सुटतो आणि अर्ध्या उघड्या तोंडात बोंड कोंबलं जातं. तोंड उघडलं की हनुवटी आधी टेकवत लेकराला स्तनाकडे आणा. स्तन लेकराकडे नेऊ नका.

बरोबर जमलं तर हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो. गालाला खळी पडत नाही. पहिले काही क्षण सोडले तर दुखत नाही. दोन-दोन चोखण्यांमागे गिळल्याचा आवाज येतो. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा, दहा वेळा लागली तरी.

पदराखाली हे काहीच दिसत नाही. पहिले पंधरा दिवस तरी बाळंतिणीला वेगळी खोली किंवा आडोसा द्या, म्हणजे ती उघड्यावर नीट बघत पाजेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये याचे व्हिडिओ मराठीत आहेत. आशाच्या मोबाइलवर एकदा बघा.

घड्याळ लावून दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे करू नका. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं स्निग्ध, आणि वजन त्या स्निग्ध दुधाने भरतं. एक बाजू मऊ पडेपर्यंत पाजा, मग दुसरी. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, रात्रीही. पहिल्या महिन्यात तीन तासांच्या वर झोपू देऊ नका. कुंची सोडा, तळपाय चोळा, उठतं.

बाकीच्या चुका

उन्हाळ्यात पाणी पाजणं. मे महिन्यात पारा 45 ला टेकला तरी सहा महिन्यांपर्यंत पाण्याचा थेंब नको. आईच्या दुधात 87 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. लेकराला जास्त वेळा पाजा आणि पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवा.

बाळंतिणीचं पाणी आणि जेवण तोडणं. दूध पिणाऱ्या लेकरासाठी आईला रोज एका जेवणाइतकं जास्तीचं अन्न लागतं. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाणे, अंडं, सगळं चालतं. मेथी-डिंकाचे लाडू जरूर द्या, पण लाडवाने किंवा शतावरीच्या डब्याने पान्हा वाढेल म्हणून पाजणं कमी केलं तर उपयोग शून्य.

गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्षभर नको, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतते.

आईचा खर्रा आणि गुडाखू, म्हणजे तंबाखूच. निकोटिन दुधातून लेकरात जातं आणि दूधही कमी करतं. बाळंतिणीसमोर पुडी धरणाऱ्या घरच्यांनी आधी आपले हात आवरावेत.

पाळणा लांबवायच्या माला-एनच्या गोळ्या पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका, त्यांनी दूध घटतं. छायाची गोळी चालते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालतं.

सहा आठवड्यांनंतर स्तन मऊ लागणं म्हणजे दूध आटणं नव्हे.

मुलीचं वजन मुलाच्या तक्त्यावर मांडू नका. आणि शेजारच्या, डब्याच्या दुधावर वाढलेल्या लेकराशी तुलना करू नका. कार्डावरच्या रेषा 2006 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आहेत, अंगावर पिणाऱ्या लेकरांवरूनच काढलेल्या, आणि त्यात भारतातलीही लेकरं आहेत. दिवस न भरलेल्या लेकराचं वय डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

कापूस वेचणीला जाताना लेकरू आजीकडे दिवसभर वरच्या दुधावर सोडू नका. निघण्यापूर्वी पाजा, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून थंड जागी ठेवा. हिवाळ्यात चार तास धरा, उन्हाळ्यात तितकंही नाही. वावरातही दुपारी हाताने दूध काढा, नाहीतर पान्हा उतरत जातो.

“आमच्याकडची लेकरं अशीच बारीक”

ही उलटी चूक, आणि ती जास्त धोक्याची आहे. आतापर्यंत सांगितलेलं सगळं नीट असूनही चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन भरून आलं नाही, पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ग्रॅमपेक्षा कमी वाढ होतेय, किंवा कार्डावरची रेष सपाट झाली, तर नजर काढत बसू नका. मीठ-मिरची उतरवण्यात गेलेला आठवडा लेकराला परत मिळत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लघव्या, गडद पिवळी लघवी, पिताना दरदरून घाम, हिरवी उलटी, तळहात-तळपाय पिवळे, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग गार किंवा तापलेलं, पिणंच सोडून देणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 102 ला फोन करा, वर्षाच्या आतल्या आजारी लेकरासाठी गाडी आणि सरकारी उपचार मोफत आहेत. लेकराला आईच्या छातीशी उघडं धरून वरून पांघरूण घाला. कार्ड सोबत घ्या, आणि कालपासून किती वेळा पाजलं, किती लघव्या झाल्या, वरचं काय आणि किती मिली दिलं, हे त्याच्या मागे लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि घाबरलेल्या आईला त्या वेळी ते आठवत नाही.