लहान मुलांना नागपूरचा वसंत कसा दाखवावा

चित्रांच्या पुस्तकातल्या वसंतात हिरवळ असते, फुलपाखरं असतात. आपल्या नागपुरात तो पानगळीसोबत येतो आणि महिना-दीड महिन्यात आटोपतो. स्वेटर पेटीत गेले आणि कूलर अजून निघाले नाहीत, एवढ्यात त्याला गाठायचं असतं. म्हणून घरात तीन ते सात वर्षांची पोट्टी असतील तर संक्रांत झाली की तयारीला लागा.

आधी एक झाड ठरवा. एकच. पायी जाता येईल असं. पिंपळ, आंबा, करंज, कडुनिंब, काहीही चालेल; गुलमोहर नको, तो उन्हाळ्यात फुलतो. झाडाचं नाव मुलालाच ठेवू द्या. पहिली भेट वसंत पंचमीला, मग दर रविवारी. काय दिसलं ते मुलानं घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात काढायचं: वाळलं पान, आंब्याचा मोहोर, रिकामी फांदी. त्यासाठी वेगळी वही करू नका. आमची दुसऱ्याच आठवड्यात हरवली.

पानं गळाली की प्रश्न येणारच, "झाड मेलं काय?" लगेच उत्तर देऊ नका. हाताला येणाऱ्या फांदीच्या टोकावरून बोट फिरवू द्या, कोंब लागतो. पिंपळाची पालवी आधी तांबूस येते, हिरवी मागाहून होते. एखादा रविवार चुकला तर हा रंग हुकलाच समजा.

मग कान. सकाळी सात वाजता गॅलरीत दोन मिनिटं गप्प बसायचं. त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नये. "कुहू" ओरडतो तो कोकीळ, म्हणजे नर, काळाभोर. मादी तपकिरी, ठिपक्यांची. आणखी एक आवाज हमखास येतो: टुक-टुक-टुक, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. तो तांबट. मुलं ताटली वाजवून त्याला उत्तर देतात; देऊ द्या, शेजारच्यांची माफी तुम्ही मागा.

फेब्रुवारीअखेर ते मार्च, एक सकाळ पळसाला द्या. सेमिनरी हिल्सला जा, नाहीतर शहराबाहेरचा कुठलाही रस्ता धरा. "पळसाला पानं तीनच" हे मुलांना आधी सांगून ठेवलं तर गंमत होते, कारण फुललेल्या पळसाला बहुधा एकही पान नसतं. तीन पानं मोजायला पुन्हा यावं लागतं. फूल हातात घेऊन बाक असलेली पाकळी दाखवा: थेट पोपटाची चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?"

फुलं खाली पडलेलीच वेचायची. दोन ओंजळी फुलं रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळा, केशरी-पिवळं पाणी मिळतं. पाणी मोठ्यांनी ओतावं. त्यात जुना पांढरा रुमाल बुडवू द्या, उरलेलं धुळवडीला.

वाटेत काटेसावर दिसली तर थांबा. बिनपानाच्या फांद्यांवर जाड लाल फुलं, त्यांत मधासाठी मैना, बुलबुल आणि खारींची झुंबड. मुलांना खोडापासून दूर ठेवा, त्याला खरोखरचे काटे असतात.

काटोल-कळमेश्वरकडे कुणाचा संत्र्याचा बगीचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच जाऊन या. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे या हंगामातली फुलं, तेव्हा फुलतो. तिथे बघायचं कमी, हुंगायचं जास्त. फुलांवर मधमाश्या असतात, फांद्या हलवू नका.

पाडव्याच्या सुमारास कडुनिंब मोहरतो. खालचा पांढरा सडा दाखवा, आणि पाडव्याला गुळासोबत एक फूल चाखायला द्या. आता तोंड वाकडं होणार, ते चित्रही कॅलेंडरवर काढून घ्या. त्यानंतर ज्या दिवशी घरात कूलर बसेल, त्या चौकोनात कूलर.