गवती चहाचं तेल काढताय? यंत्र जोडताना या चुका टाळा

सुट्या भागांचं यंत्र जोडलं, गवत भरलं, गॅस पेटवला, आणि तेल काही येत नाही. ही तक्रार मला पाठ झाली आहे. (असंच यंत्र दारूसाठी कुणी विचारू नका. विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे आणि मला त्यात रसही नाही.)

सर्वात जास्त होणारी चूक थंड पाण्याची. भांड्यावर हजारो रुपये घालतात आणि कंडेन्सरला, म्हणजे आत वाफ आणि बाहेर थंड पाणी खेळवणाऱ्या दुहेरी नळीला, एक बादली देतात. हिशेब करा: एक किलो वाफेचं पाणी व्हायला सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. नळाचं पाणी 30 अंशांना आत गेलं आणि 50 ला बाहेर पडलं, तर लिटरभर अर्कामागे निदान 27 लिटर पाणी फिरायला हवं. बादली कुठे पुरणार? मी 200 लिटरचा ड्रम आणि कूलरचा छोटा पंप वापरतो. पाणी खालून आत, वरून बाहेर. उलटं जोडलं की बाहेरची नळी पूर्ण भरतच नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. झाकणापासून कंडेन्सरपर्यंत मऊ सिलिकॉनची नळी लावली होती. ती तापल्यावर दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखी मध्येच लोंबली. त्या झोळात पाणी साचलं, गुडगुड सुरू झाली, मग धार थांबली. मला वाटलं आच कमी पडतेय, म्हणून गॅस वाढवला. शहाणपण! पाच मिनिटांत नळी निसटली आणि उकळतं पाणी, गवत, सगळं थेट छतावर. मी तेव्हा बाल्कनीत फोनवर होतो म्हणून वाचलो. हिरवा डाग अजून आहे. आता नळी स्टीलची, सलग उताराची. धार थांबली की आधी गॅस बंद, विचार नंतर. आणि वाफेच्या वाटेत कुठेही कॉक लावायचा नाही, बाहेरचं तोंड कायम उघडं.

ट्राय-क्लॅम्प (दोन नळ्यांच्या कडा आवळून जोडणारी पकड) घेताना सावध राहा: 1 इंची आणि दीड इंची जोडाची कड एकाच मापाची असते, क्लॅम्प दोन्हींना बसतो. पण दीड इंची नळीत 1 इंची गॅस्केट (जोडातली चकती) टाकलं की भोक अरुंद. साधं रबर तेलाने फुगतं, टेफ्लॉन घ्या. जोडाला शिशाचा डाग (सोल्डर) नको.

गवत एक दिवस सावलीत सुकवा, जाळीवर ठेवा, पाण्यात बुडवू नका. दाबून भरलं तर वाफ अडते, भुसभुशीत भरलं तर एका बाजूने निसटते. मी हाताने थोपटतो, बस्स.

आणि धीर धरा. पाच किलो ताज्या गवतातून 15 ते 25 मिली मिळतं, तेही दोन-अडीच तासांनी. एक तरुण अर्ध्या तासात वैतागला, 'नुसतं पाणीच येतंय' म्हणून बाटली मोरीत ओतून आला. वरचा पिवळसर पातळ थर त्याने पाहिलाच नव्हता.