क्रोशाची लेस आणि वसंतातली बाग : या चुका टाळा

फाल्गुन सरता सरता सोलापुरात दोन कामांना एकदमच जोर चढतो. पाडव्याच्या आधी कुणाला देव्हाऱ्यातल्या आसनाला लेस हवी असते, कुणाला उशीच्या अभ्र्यांना. त्याच दिवसांत कडुनिंबाला कोवळी पालवी येते आणि डाळिंबाच्या लाल कळ्यांभोवती शिंजीर हा इवलासा पक्षी घिरट्या घालू लागतो. सकाळच्या गारव्यात ओसरीवर क्रोशा घेऊन बसायचं आणि मधूनमधून मान वर करून बाग बघायची, उन्हाळ्याच्या तोंडावर याच्यासारखं सुख नाही. दोन्हीकडे बिघडतं मात्र बहुतेक वेळा एकाच कारणानं : हात घट्ट पडतो. टाका ओढून घेतला की लेस आखडते, आणि बाग फार झाडूनपुसून, छाटून, फवारून ठेवली की तिथं कुणी राहायला येत नाही. पुढच्या बऱ्याचशा चुकांच्या मुळाशी हेच आहे.

लेस आखडते किंवा फुगते

नव्यानं शिकणाऱ्या दहाजणींपैकी बहुतेकींची सुरुवातीची साखळीच कडक असते. वरची खांबांची (म्हणजे उंच टाक्यांची) ओळ सैल, खालची साखळी ताणलेली, म्हणून पट्टी धनुष्यासारखी वाकते. पुढच्या ओळी विणल्या की आपोआप सरळ होईल, अशी आशा ठेवू नका, होत नाही. साखळीपुरती एक माप मोठी सुई घ्या आणि खांबांना नेहमीची सुई लावा. अर्धी लेस विणून झाल्यावर हा दोष दिसला तरी माझं म्हणणं एकच, उसवा. सुती दोरा उसवून पुन्हा विणता येतो, पण आखडलेली लेस इस्त्रीनं सरळ होत नाही.

दुसरी गडबड उन्हाची. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. दुपारी घामेजलेल्या बोटांवरून दोरा सरकत नाही, मग आपण नकळत तो खेचतो. सकाळी विणलेली वीत आणि दुपारी विणलेली वीत शेजारी ठेवून बघा. दुपारचे खांब बुटके दिसतात, मधली जाळी बारीक दिसते. लांब लेसमध्ये असे पट्टे उठून दिसतात. म्हणून एक लेस शक्यतो एकाच वेळेला, सकाळीच विणावी. हात धुऊन कोरडे करावेत. पांढरा दोरा असेल तर मांडीवर गडद रंगाचा कपडा पसरावा, टाके स्पष्ट दिसतात आणि डोळे शिणत नाहीत.

दोरा आणि सुई यांचा मेळ न बघणं ही तिसरी चूक. नवी पेठेत दोऱ्याची गुंडी मागताना लक्षात ठेवा, दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. 20 नंबरला साधारण सव्वा मिलिमीटरची सुई बसते, 40 नंबरला एक मिलिमीटरची. हात फार घट्ट असेल तर सुई थोडी मोठी घ्या. मर्सराइज्ड लिहिलेला दोरा मिळाला तर तोच घ्यावा. जॉन मर्सर यानं 1844 मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, तिच्यावरून हे नाव पडलं. पुढं त्यात सूत ताणून धरण्याची भर पडली आणि दोऱ्याला चमक आली. असा दोरा मजबूत असतो. हा मजबूतपणा लेसला उपयोगी आणि बागेत घातक आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

गोल विणताना तक्रारी दोनच असतात. मध्यभाग वाटीसारखा वर उचलला तर खांब कमी पडले, कडेला झालर आली तर जास्त झाले. पहिल्या फेरीत 12 खांब असतील तर पुढच्या प्रत्येक फेरीत 12 वाढवायचे, म्हणजे 24, मग 36. मुक्या खांबांचा (साध्या खांबाहून बुटक्या टाक्यांचा) गोल असेल तर 6 नं सुरुवात आणि दर फेरीला 6 ची वाढ. रुमालाच्या कोपऱ्यावर एकाच छिद्रात तीन मुके खांब घातले नाहीत तर कोपरा आत वळतो, तो कितीही ओढला तरी टोक निघत नाही.

परदेशी नमुना बघून विणत असाल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश, हे आधी पाहा. आपला साधा खांब म्हणजे अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे, आणि तोच ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल होतो. ब्रिटिश नमुन्यातला डबल म्हणजे आपला मुका खांब. हे उलटसुलट झालं तर लेसची उंची निम्म्यावर येते आणि चूक कुठं झाली ते सापडता सापडत नाही.

कापड न धुता त्याला लेस लावणं तर सर्रास चालतं. पहिल्याच धुण्यात कापड आटतं आणि लेस लोंबू लागते. आधी कापड धुऊन वाळवा, चार बोटं लेसचा नमुना विणून तोही धुवा, मग माप घ्या. लाल, मरून, हिरवा दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते पाहा. शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवून दोरा न तोडता ठेवला तर माप चुकल्यावर दोन-चार टाके वाढवता किंवा उसवता येतात. आणि गाठ मारू नका. दोऱ्याचं टोक वीतभर सोडून सुईनं आधी एका दिशेला, मग उलट दिशेला टाक्यांत ओवा. गाठ धुण्यात सुटते, ओवलेलं टोक टिकून राहतं.

लेस नीट बसवायला आपल्याकडचा टेरी टॉवेल छान. गादीवर दुमडून पसरला की टाचण्या पक्क्या रुततात. फक्त साध्या लोखंडी टाचण्या नकोत, ओल्या लेसवर गंजाचे ठिपके उठतात आणि ते जात नाहीत. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. साबुदाण्याची पातळ खळ गाळून लावली की लेसला अंग येतं. पण खळ लावलेली लेस कपाटात वर्षभर घालून ठेवू नका, कसर आणि झुरळं तिथंच जमतात. ठेवताना खळ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

बाग : मार्चमध्ये काय करू नये

आपल्याकडे वसंत येतो तोच ऊन घेऊन. हिरवळ अंथरायची, नवी झाडं जमिनीत लावायची, ही हौस आत्ता नको. काळी माती या दिवसांत भेगाळते, कोवळी मुळं उघडी पडतात आणि नळाला रोज पाणी नसतं. जमिनीतली लागवड मृगापर्यंत थांबू द्या. आत्ता कुंड्या सांभाळा, आणि असलेल्या झाडांच्या बुडाशी पाचोळ्याचा चार बोटं जाड थर द्या. हाच पाचोळा लोक झाडून पेटवतात, ते बघून जीव हळहळतो. त्याच्याखाली गांडुळं असतात, दयाळ आणि सातभाई हे पक्षी तिथंच खाणं शोधतात, आणि जमिनीतली ओलही त्याच्यामुळेच टिकते.

सोलापूर हा माळरानाचा मुलूख. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे ते गवताळ माळासाठी. आपल्या अंगणानंही याच मातीचं ऐकावं. तरवड, रुई, बोर, कडुनिंब, तुळस, सदाफुली हे सगळं कमी पाण्यावर जगतं आणि फुलपाखरांना, मधमाश्यांना उपयोगी पडतं. कुंडीतल्या भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांमध्ये मधमाशीला बहुतेकदा काहीच हाती लागत नाही. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडण्याचा शिरस्ता असेल तर चार तरी ठेवा. एखाद्या कोपऱ्यात गवत बियांवर येऊ द्या, मुनिया येतील. रब्बीच्या शाळूची काढणी होऊन गेलेली असते, गावाकडून आलेली चार कणसं दोरीऐवजी जाड काथ्यानं फांदीला बांधा. फरसाण, खारे शेंगदाणे, शिळा तळलेला माल पाखरांना घालू नका, मीठ त्यांना सोसत नाही.

कढीपत्त्याची किंवा लिंबाची पानं खाल्लेली दिसली की पहिला हात फवारणीकडे जातो. जरा वाकून बघा. पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतं, ते फुलपाखराचं लहान सुरवंट असतं. थोडं मोठं झालं की हिरवंगार होतं, आणि हात लावला की डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतं. दोन-तीन आठवड्यांत ते कोषात जातं आणि झाड पुन्हा फुटतं. फारच पानं जात असतील तर कढीपत्त्याची एक जादा कुंडी ठेवा आणि सुरवंटं पानासकट उचलून तिकडं न्या. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण मात्र हटवावाच लागतो. पाण्याची जोरदार धार मारा, भरलेले शेंडे खुडा, गरज पडलीच तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी, उमललेली फुलं सोडून फवारा. एक खबरदारी घ्या. त्या पिठ्यांमध्ये जरा मोठी, झुपक्या-झुपक्यांची, भरभर चालणारी अळी दिसली तर ती पिठ्या खाणाऱ्या भुंगेऱ्याची असू शकते. ती राहू द्या.

पाण्याचं भांडं खोल नको. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एक-दोन खडे, म्हणजे मधमाशीही बुडत नाही. सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला लागून नको, तिथं मांजर दबा धरून बसतं. रोज पाणी बदला आणि काथ्यानं आतून घासा. डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडीही राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात, त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही.

दोरा बागेत नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रोशा विणणाऱ्यांकडून अगदी मायेपोटी होणारी चूक ही आहे. दोऱ्याचे तुकडे उरतात. समोर शिंपी पक्षी पान शिवताना दिसतो, शिंजिराची मादी वेलीवर लोंबतं घरटं बांधताना दिसते, आणि वाटतं, एवढे छान सुती दोरे आहेत, ठेवू या फांदीवर त्यांच्यासाठी. शिंपी घरातला दोरा उचलतोही. पण हा दोरा घरट्यात पिल्लाच्या पायाभोवती फिरतो, पाय वाढतो, दोरा वाढत नाही. गवताची काडी मोडते, कोळ्याचं जाळं तुटतं, मर्सराइज्ड दोरा तुटत नाही. रक्त अडून पाय सुकतो. मोठ्या पाखराची बोटंही अशीच बांधली जातात.

म्हणून विणायला बसतानाच शेजारी झाकणाचा डबा ठेवा आणि प्रत्येक तुकडा त्यात टाका. टाचण्यांची उशी भरायला ते कामी येतात. उठताना ओसरी झाडा, मगच झाडांना पाणी घाला. लेस वाळवायला झुडपावर पसरू नका, काट्यात अडकून फास सुटतात. घरट्यासाठी काही द्यायचंच असेल तर नारळाचा विस्कटलेला काथ्या, वाळकं गवत, शेवरीच्या फुटलेल्या बोंडांचा कापूस द्या. पाडव्याच्या साफसफाईत घरातली जळमटं जरूर काढा, पण कुंपणावरची, ओसरीबाहेरच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी सोडा. शिंजिराचं सगळं घरटं त्याच धाग्यांवर तोललेलं असतं. भाजीवर नायलॉनची सैल जाळी टाकत असाल तर ती काढा किंवा चौकटीवर ताणून बसवा. सैल जाळीत पाखरंच काय, धामणही अडकून मरते.

एवढं करूनही एखादं पाखरू दोऱ्यात किंवा मांजात अडकलेलं सापडलं तर दोरा ओढू नका. त्याच्या अंगावर हलका टॉवेल टाकून डोकं झाकलं जाईल असं धरा, म्हणजे ते शांत होतं. छोट्या कात्रीनं, कातडीपासून दूर, सुटे दिसणारे वेढे एकेक करून कापा. कातडीत रुतलेला दोरा स्वतः काढू नका. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं सुती कापड घालून पाखरू ठेवा, खोकं सावलीत, आवाजापासून लांब असू द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.