चौथ्या हाकेला उठणारं मूल

पालकसभेत दोन वाक्यं ठरलेली असतात. टेबलाच्या एका बाजूने येतं, "शाळेत आता संस्कारच राहिले नाहीत, आमच्या वेळी प्रार्थनेला टाचणी पडली तरी ऐकू यायची." दुसऱ्या बाजूने, म्हणजे आम्हा शिक्षकांकडून, येतं, "घरूनच वळण नाही, आम्ही तरी काय करणार?" प्राथमिकच्या वर्गांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हे दुसरं वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. पहिलंही एकदा म्हणून झालंय. माझा मुलगा दुसरीत असताना त्याच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावलं होतं आणि मी त्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते.

तक्रार अशी होती की मुलगा वही उघडत नाही. सगळे लिहायला लागले तरी हा खिडकीबाहेर बघत बसतो. सांगितलं की "हो" म्हणतो, पुन्हा सांगितलं की "हो हो". मारामारी नाही, उलट उत्तर नाही. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "प्रार्थना तर नीट म्हणतो ना?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांत खणखणीत. एक शब्द चुकत नाही."

त्या संध्याकाळी त्याला आंघोळीला हाक मारताना मी पहिल्यांदा मोजलं. पहिली हाक आतल्या खोलीतून. दुसरी जरा वरच्या पट्टीत. तिसरीला "शेवटचं सांगते हं". चौथीला मी हात पुसत बाहेर आले, आणि मी दारात दिसताक्षणी तो उठला. मुकाट, एकही शब्द न बोलता. पोरगा हट्टी नव्हता, हिशेबी होता. पहिल्या तीन हाका खऱ्या नसतात हे त्याला कळलं होतं, आणि तोच हिशेब तो वर्गात लावत होता.

तेव्हापासून "शाळेतली प्रार्थना की घरचं वळण" असा वाद कुणी काढला की मी आधी एक वही काढायला सांगते. तुम्हीही काढा.

दोन आठवड्यांची वही

वहीत विशेषणं लिहायची नाहीत. "उद्धट", "बेशिस्त", "फार मस्ती करतो" यातून काहीच हाती लागत नाही. जे डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं, तेवढंच लिहा. "दप्तर भरायला सांगितलं, तीन हाका, मग रडणं, मग मीच भरलं." प्रत्येक नोंदीला तीन भाग हवेत: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. तिसरा भाग लिहायला सगळ्यांना जड जातं, कारण तिथे आपण स्वतः येतो. वरच्या नोंदीत मुलाला काय मिळालं? दप्तर भरण्यातून सुटका. आईला काय मिळालं? रडणं थांबलं. दोघांचाही तेवढ्यापुरता फायदा झाला, म्हणून उद्या पुन्हा तेच होणार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांची घरी जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ साली नेमकी हीच साखळी मांडली: मोठ्यांची मागणी, मुलाचा विरोध, मोठ्यांची माघार. अशा घरात मूल जे शिकतं, तेच पुढे वर्गात वापरतं.

वर्गशिक्षिकेलाही अशाच नोंदी ठेवायची विनंती करा. रोज एकच ओळ पुरे. एका वर्गात चाळीस मुलं असतील तर त्याहून जास्त मागू नका, मिळणार नाही. नोंदीत वेळ आणि तास मात्र हवाच.

सोबत दोन साध्या गोष्टी तपासून घ्या, कारण निम्मं "वळण" कधीकधी तिथेच सापडतं. पहिली झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाला प्रार्थना काय करणार? दुसरी गोष्ट डोळे आणि कान. फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि "बडबड्या" ठरतं.

वही वाचताना

दोन आठवड्यांनी दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवा. तीच गोष्ट घरी आणि शाळेत दोन्हीकडे होत असेल, तर कामाला घरून सुरुवात करा. नुसती घरीच होत असेल, तर शाळेत जे जमतंय ते कसं जमतंय हे बाईंना विचारा. आणि नुसती शाळेतच, त्यातही एका ठरावीक तासाला, एका ठरावीक बाकावर होत असेल, तर घरच्या संस्कारांवर भाषणं थांबवा आणि तो तास बघा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिसरीतली. पहिल्या तासाला रोज कुणाचा तरी खोडरबर फेकायची, वेणी ओढायची. दुपारी हीच मुलगी शांतपणे शेवटच्या बाकावर चित्रं काढत बसे. घरी विचारलं तर काहीच नाही, आई-वडील बुचकळ्यात. मी नोंदी लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की तिला प्रार्थनेला सरळ उभं राहणं जमतच नव्हतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायची. रोज रांगेतून तिला नावानिशी ओरडा बसायचा, सगळ्यांसमोर. ते डोक्यात घेऊन ती वर्गात यायची. म्हणजे प्रार्थना तिच्या वागण्यावर परिणाम करत होती, फक्त आम्हाला हव्या त्या दिशेने नव्हे. मी तिला घंटा वाजवण्याचं आणि वर्गाची दारं उघडण्याचं काम दिलं. प्रार्थनेच्या शेवटी ती रांगेतून आधी निघायची. खोडरबर जागेवर राहू लागले.

मग प्रार्थनेचं काय

प्रार्थनेमुळे मुलं सुधारतात, असं मला सव्वीस वर्षांत दिसलं नाही. बिघडतात असंही दिसलं नाही. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात दहा हजारांहून जास्त मुलांवर प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या. मुलांना फसवायची संधी मिळेल अशा परिस्थिती मुद्दाम तयार केल्या होत्या. एका ठिकाणी प्रामाणिक वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी तसं वागेलच याचा भरवसा नाही, असं दिसलं. आणि योग्य काय ते तोंडाने बरोबर सांगता येणं व तसं वागणं, यांचा संबंधही फारच सैल निघाला. माझा मुलगा त्या चाचणीत मस्त चमकला असता. सगळी उत्तरं पाठ होती त्याला.

अमेरिकेत सरकारी शाळांतली सरकारने ठरवलेली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवली. वाद होता न्यूयॉर्क राज्यातल्या २२ शब्दांच्या एका प्रार्थनेचा. "तेव्हापासूनच मुलं बिघडली" असं म्हणणारे तिथे आजही आहेत. पण प्रार्थना नसलेल्या शाळा तिथे त्याआधीही होत्या, आणि त्या दशकात एका समाजात एकाच वेळी शंभर गोष्टी बदलत होत्या. त्यातली एक उचलून तिच्यावर खापर फोडणं सोपं आहे, एवढंच.

तरी मी प्रार्थनेच्या विरोधात नाही. गोंगाटातून शांततेत यायला मुलांना एक उंबरठा लागतो, आणि चार मिनिटं एका सुरात म्हणणं हा चांगला उंबरठा आहे. तेवढंच काम तिच्याकडून घ्या. कुठल्या घराच्या श्रद्धेत ती बसत नसेल तर ते मूल शांत उभं राहिलं की पुरे. आणि प्रार्थनेनंतर लगेच रागावण्याचा कार्यक्रम ठेवू नका. उशिरा आलेल्यांची हजेरी, नखांची तपासणी, फीची आठवण हे सगळं त्या उंबरठ्यावर आणून बसवलं की मुलं प्रार्थनेलाच घाबरतात.

घरी: एकच हाक

आता खरं काम. एकच गोष्ट निवडा. पाच निवडल्यात तर आठवड्यात सोडून द्याल. आम्ही आंघोळ निवडली.

हाक मारायची नाही, जवळ जायचं. मुलाच्या उंचीला बसून, त्याच्याकडे बघून, काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं. "आंघोळीला चल" म्हणायचं. "चलतोस का?" हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला "नाही" हे रीतसर उत्तर असतं. सांगून झालं की मनात दहा अंक मोजा. या दहा अंकांत मला जो त्रास झाला तो त्याला झाला नसेल, जीभ वळवळते. उठला तर तेवढंच बोला: "सांगितल्याबरोबर उठलास." "शहाणं बाळ" नको, कारण त्यातून त्याने नेमकं काय केलं ते कळत नाही. उठला नाही तर पुन्हा न बोलता हात धरून घेऊन जा. न रागावता. रागावलात की तो पुन्हा तुमच्या चेहऱ्याचा हिशेब मांडायला लागतो.

पहिले काही दिवस प्रकरण वाढतं, हे आधीच माहीत असू द्या. जुना हिशेब चालेना म्हटल्यावर मूल तोच आणखी जोर लावून करून बघतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी तो जमिनीवर आडवा झाला. बहुतेक घरं नेमकी इथे माघार घेतात, आणि मग मूल शिकतं की आडवं पडेपर्यंत ताणायचं असतं. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर त्याच्याशी आधी ठरवून ठेवा. माझ्या सासूबाई मधे पडून "राहू दे ग, उद्या करील" म्हणायच्या. त्यांना समजावण्यात माझा मुलापेक्षा जास्त वेळ गेला.

धाक दाखवून हेच काम पटकन होईल, असं काहीजण म्हणतील. होतं, धाक दाखवणारं माणूस खोलीत असेपर्यंत. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींचा अभ्यास केला, तेव्हा माया आणि ठामपणा दोन्ही असलेल्या घरांतली मुलं जास्त स्वावलंबी आणि संयमी दिसली. नुसता हुकूम किंवा नुसते लाड असलेल्या घरांत तसं नव्हतं.

बाईंशी बोलताना

"तो शाळेत नीट वागतो का?" असं विचारू नका, "ठीक आहे" हे उत्तर येईल. "घरी आम्ही एकदाच सांगायचं ठरवलंय. तुमच्याकडे वही उघडायला किती वेळा सांगावं लागतं, ते आठवडाभर बघाल का?" असं विचारा. शिक्षकांसाठीही तेच: "घरी जरा लक्ष द्या" ही सूचना नव्हे, तो आरोप आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला यातून करण्यासारखं काहीच सापडत नाही. "रात्री दप्तर त्याला स्वतः भरू द्या, विसरला तर विसरू द्या" ही सूचना झाली.

आणि वर्गातल्या माझ्यासारख्यांनी आपापले "शेवटचं सांगते" मोजावेत. मॅडसन, बेकर आणि थॉमस या तिघांनी १९६८ मध्ये वर्गांत बसून पाहिलं: नुसते नियम सांगण्याने फारसा फरक पडला नाही, चांगल्या वागण्याची दखल घेणं आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करणं, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर पडला.

दोन-तीन महिने हे सगळं करूनही मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, एकदम गप्प झालं असेल, रात्री दचकून उठत असेल, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. ती वही त्यांनाही उपयोगी पडते.

माझ्या मुलाच्या बाईंनी पाचव्या आठवड्यात वहीत लिहून पाठवलं, "आता दुसऱ्या हाकेला वही उघडतो." पहिली हाक फुकट का जाऊ देता, हे त्यांना विचारायचं मी टाळलं. माझ्या स्वतःच्या वर्गात तेव्हा अजून तीन चालू होत्या.