लढाई थांबलेल्या देशात मदतीला निघालात? मग या चुका टाळा

नवीन मुलांची प्रपोजलं तपासायचं काम माझ्या गळ्यात असतं आणि खरं सांगते, देश बदलतो, लोगो बदलतात, चुका मात्र त्याच. पहिल्या पानावर निवडणुकीची तारीख, दुसऱ्यावर कॅपॅसिटी बिल्डिंग (म्हणजे तिथल्या माणसांना ट्रेनिंग वगैरे) आणि शेवटी कुठेतरी मार्शल प्लॅनचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेल्या मदतीचं नाव. (मार्शल प्लॅनबद्दल एवढंच: पैसे मिळाले तेव्हा पश्चिम युरोपात कारकून, इंजिनिअर, बँका सगळं शिल्लक होतं. तुम्ही जाताय तिथे आहे का ते आधी बघा.)

निवडणुकीची घाई ही सगळ्यांची लाडकी चूक. कारण निवडणूक दिसते, शाई लावलेल्या बोटांचे फोटो येतात, पैसे देणाऱ्या देशांना घरी दाखवायला काहीतरी मिळतं. अंगोलाचं बघा. मे १९९१ मध्ये सरकार आणि युनिटा या बंडखोर संघटनेत करार झाला, सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान, आणि मधल्या काळात दोन्हीकडच्या फौजा मोडून एक नवी फौज उभी करायची होती ती बरीचशी कागदावरच राहिली, वर संयुक्त राष्ट्रांचं मिशन एवढ्या अवाढव्य देशाच्या मानाने अगदीच तुटपुंजं. युनिटाचा नेता सविंबी मतांत मागे पडला, निकाल खोटा आहे म्हणाला, आणि त्याची माणसं बंदुकांसकट तयारच होती. युद्ध पुन्हा पेटलं ते तो २००२ मध्ये मारला गेल्यावरच थांबलं. आता मोझांबिक. तिथला करार ऑक्टोबर १९९२ चा, म्हणजे अंगोलाच्या मतदानानंतर लगेचचा, आणि तिथेही वर्षभरात मतदान घ्यायचं ठरलं होतं. पण अंगोलाचा धडा समोर होता, म्हणून आधी सैनिक घरी पाठवले आणि मतदान ऑक्टोबर १९९४ पर्यंत पुढे ढकललं. शिवाय रेनामोच्या बंडखोरांना राजकीय पक्ष चालवता यावा म्हणून वेगळा निधी काढला. हे सांगितलं की नवशिके नाक मुरडतात, बंडखोरांना पैसे?! हो, पैसे. ऑफिस, गाड्या, फोन, कपडे, सगळं. २०१३ मध्ये तिथेही परत चकमकी झाल्या, मान्य आहे, पण मधली वीस वर्षं काही फुकटची नव्हती.

माझी सवय सांगते. प्रपोजलमध्ये निवडणुकीची तारीख दिसली की मी समासात लिहिते, "हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार?" उत्तर नसेल तर फाईल परत. मुलं वैतागतात, वैतागू देत.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती म्हणजे सरकारी ऑफिसातली माणसं पळवायची आणि मग त्याच ऑफिसला ट्रेनिंग द्यायचं. एका देशात (नाव घेत नाही) जिल्ह्याच्या ट्रेझरीत एक हिशोबनीस होता. अख्ख्या लढाईत त्याने शिक्षकांच्या पगाराचं रजिस्टर सांभाळलेलं, संध्याकाळी ते गोणपाटात गुंडाळून घरी न्यायचा. कोण मेलं, कोण पळालं, एकाच नावाचे दोघे कुठल्या शाळेत, सगळं तोंडपाठ. त्याला बरं इंग्लिश यायचं, म्हणून एका मोठ्या संस्थेने त्याला दुभाषा म्हणून उचलला, पगार कितीतरी पट, तो जाणारच की. त्याचा दोष नाही. पुढच्या काही महिन्यांत शिक्षकांचे पगार अडकले, कारण नवीन पोराला रजिस्टर वाचताच येईना. मग त्याच संस्थेने बाहेरून एक कन्सल्टंट आणला, पगार यंत्रणेचा अभ्यास करायला, आणि त्याच्या शेजारी गाडीत दुभाषा म्हणून कोण बसलेलं? तोच हिशोबनीस! रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, "स्थानिक पातळीवर कौशल्याचा अभाव". मी तो रिपोर्ट अजून जपून ठेवलाय, नवीन बॅच आली की वाचायला देते.

उपाय काही थोर नाही. भरती करायच्या आधी तिथल्या सरकारी शिक्षकाचा आणि क्लार्कचा पगार काय ते विचारा आणि तुमच्या ड्रायव्हरचा पगार त्याच्या शेजारी लिहा. आकडे बघून लाज वाटली तर पगारपत्रक बदला. आणि खात्यातून कोणी घेतलाच, तर तो बदली माणूस तयार करेपर्यंत त्याला हलवायचं नाही.

बाकीच्या चुका पटापट. लढवय्यांकडून हत्यारं जमा करताना तयारीआधी छावणीचं गेट उघडू नका. लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये हत्यार टाकलं की ३०० डॉलर मिळणार म्हणून छावणीवर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, पैसे लगेच मिळेनात म्हटल्यावर मोन्रोव्हियात गोळीबार झाला आणि कार्यक्रम एप्रिलपर्यंत बंद. शेवटी लाभ घेणारे १ लाखाहून जास्त आणि बंदुका जेमतेम २८ हजार, यावरून काय ते समजा. "जुनं सगळं झाडून टाकू" ही भाषा नको. इराकमध्ये मे २००३ मध्ये एका फटक्यात अख्खं सैन्य बरखास्त केलं, त्यातले किती जण पुढे बंडात गेले ते सगळ्यांनी बघितलं. आणि आपल्या छावणीचं सांडपाणी कुठे जातं ते स्वतः जाऊन बघा, हैतीत २०१० च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत कॉलरा गेला, दुष्काळात तेरावा महिना.

सगळा ताबा आपल्याकडेच हवा हा हट्टही सोडा. नेपाळमध्ये २००६ च्या शांतता करारानंतर माओवादी बंडखोरांची हत्यारं कंटेनरमध्ये कुलूपबंद होती आणि किल्ली माओवाद्यांकडेच! संयुक्त राष्ट्रांकडे फक्त यादी आणि देखरेख, आणि नेपाळी सैन्यानेही तेवढीच हत्यारं तशीच कुलपात टाकलेली. ऐकायला येडपट वाटतं, पण टिकलं, कारण करार सरकार आणि माओवाद्यांनी आपापसात केलेला होता. १९ हजारांवर माओवादी लढवय्यांचं पुढे काय करायचं ते मात्र २०१२ पर्यंत लोंबकळलं.

आणि निघायची घाई. पूर्व तिमोर २००२ मध्ये स्वतंत्र झाला, २००५ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचं मिशन अगदी छोटं करून टाकलं, २००६ मध्ये जवळपास ६०० सैनिकांना काढल्यावर सैन्य आणि पोलीस एकमेकांवरच उठले, आणि मग परत नवीन मिशन, ते थेट २०१२ पर्यंत. निघायची तारीख लिहू नका असं म्हणत नाहीये, पण तिच्यापुढे पोलिसांचा पगार त्यानंतर कुठल्या खात्यातून निघणार तेही लिहा, मगच माझ्याकडे पाठवा.