कन्सेंट, म्हणजे उपचाराला पेशंटची परवानगी, घेताना एवढं बघाच

मुंबईतल्या वॉर्डात पेशंट भोजपुरी बोलणारा, फॉर्म इंग्लिशमध्ये आणि सही घ्यायला पाठवलंय इंटर्नला, असल्या कन्सेंटला कोर्टात फारशी किंमत नसते हो. त्याच्या भाषेत सांगा, काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, आणि केसपेपरवर टाइम टाकून दोन ओळी लिहा, समजावून कोणी सांगितलं तेपण. पेशंट 18 च्या वरचा आणि शुद्धीत असेल तर सही त्याचीच, नवऱ्याची किंवा आईची नाही. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला त्या केसमध्ये हेच झालं होतं, परवानगी होती दुर्बिणीने तपासायची, बाई भुलीत असताना आईला विचारून गर्भाशय काढलं, डॉक्टरला भरपाई द्यावी लागली. जीवच धोक्यात असेल आणि पेशंट परवानगी द्यायच्या स्थितीत नसेल तर थांबू नका, फक्त कारण लिहून ठेवा.